घरातला पैसा आटतो तेव्हा

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात १९३१ साली काही संशोधकांनी पाचवी-सहावीतली मुलं निवडून त्यांची मोजमापं घ्यायला सुरुवात केली. उंची, वजन, हाडांची वाढ, हातातला जोर, वर्गातलं वागणं, दोस्त कोण आणि किती. शेजारच्या बर्कलीतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बालकल्याण संस्थेचा हा उपक्रम होता आणि हॅरल्ड जोन्स व हर्बर्ट स्टोल्झ हे दोघे त्याचे कर्तेधर्ते होते. मूल वयात येतं तेव्हा त्याच्या शरीरात आणि स्वभावात काय काय घडतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. मंदीचा अभ्यास करायचा असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मंदी त्यांच्या वह्यांत आपण होऊन शिरली. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला होता. १९३३ पर्यंत अमेरिकेत कामकरी माणसांपैकी दर चौघांत एक जण बेकार झाला, हजारो बँका बुडाल्या आणि ओकलंडच्या या मुलांच्या घरांतली मिळकत सरासरी चाळीस टक्क्यांच्या आसपास खाली आली. संशोधक घरोघर जात राहिले, आयांशी बोलत राहिले, मुलांना प्रश्नावल्या देत राहिले. पैसा आटलेल्या घरात मूल कसं वाढतं याची बारीक नोंद त्यांच्या हातून होत होती, आणि ती पुढे जवळजवळ तीस वर्षं कपाटात पडून राहिली.

१९६२ मध्ये ग्लेन एल्डर नावाचे तरुण समाजशास्त्रज्ञ बर्कलीला नोकरीवर आले आणि त्यांनी ती कपाटं उघडली. १९७४ साली त्यांचं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेट डिप्रेशन’ हे पुस्तक आलं. तरुण माणसं ताणाला आणि उलथापालथीला कशी तोंड देतात, या विषयावर आज ढिगांनी लिहिलं जातं. त्यातलं बरंचसं ‘मन खंबीर ठेवा’ या एका वाक्याचा विस्तार असतं. एल्डर यांचं पुस्तक अजूनही वाचावंसं वाटतं, कारण त्यांनी मुलांच्या मनात डोकावण्याआधी घरातल्या पैशाचा हिशेब मांडला.

हिशेब असा. गरीब घर आणि श्रीमंत घर अशी तुलना त्यांनी केली नाही. ती तर सगळेच करत होते. त्यांनी घसरण मोजली. १९२९ ची मिळकत आणि १९३३ ची मिळकत शेजारीशेजारी ठेवायची आणि ज्या घराचं उत्पन्न पस्तीस टक्के किंवा त्याहून जास्त घटलं, ते घर ‘झळ बसलेलं’ धरायचं. मंदीत वस्तूंचे भावही उतरले होते, त्यामुळे थोडीथोडकी कपात घराला फारशी जाणवली नव्हती. पस्तीस टक्क्यांच्या पुढे मात्र घडी विस्कटत होती. एकाच गल्लीतल्या, एकाच दर्जाच्या दोन घरांपैकी एकातल्या वडिलांचा पगार टिकला आणि दुसऱ्यातल्यांचा कारखाना बंद पडला. यात माणसाच्या लायकीचा संबंध बराच कमी होता. एकशे सदुसष्ट मुलांच्या नोंदी अशा लावल्यावर एल्डर यांच्यापुढे जणू नियतीनेच केलेला एक प्रयोग उभा राहिला.

झळ बसलेल्या घरात काय झालं? पहिली गोष्ट, बाहेरून विकत यायचं ते घरात व्हायला लागलं. पाव घरी, कपडे घरी शिवलेले, फळं-भाज्या डबाबंद करायच्या त्याही घरीच. आई नोकरी शोधायला बाहेर पडली, आणि घरातल्या निर्णयांत तिचा शब्द वजनदार झाला. मुलींच्या अंगावर स्वयंपाक, धुणं, शिवण, धाकटी भावंडं आली. मुलगे पेपर टाकायला, दुकानात हाताखाली राहायला, सामान पोचवायला, झाडलोट करायला जाऊ लागले. ही दोन-चार नाणी घरात खरोखर लागत होती. म्हणजे मुलाने कमावलेले पैसे आईच्या हातावर ठेवले तर त्यातून दुधाचं बिल भागत होतं. ‘शाबास, बचत कर’ असं म्हणून गल्ल्यात टाकायचे ते पैसे नव्हते.

काम करणाऱ्या या मुलांकडे पाहणाऱ्या मोठ्या माणसांनी त्या वेळी जे शेरे लिहिले, ते वाचण्यासारखे आहेत. ही मुलं जास्त उद्योगी, जास्त स्वतंत्र, पैशाच्या बाबतीत जबाबदार वाटत होती. आपल्याला पुढे काय व्हायचं आहे हे त्यांच्यातल्या अनेकांना इतरांच्या आधी ठरवता आलं. मुलींचं चित्र इतकं सरळ नव्हतं. त्यांना दिलेली जबाबदारी घराच्या चार भिंतींतच राहिली, आणि पुढे त्यांच्यातल्या अनेकींनी लवकर लग्न करून घर हेच आयुष्याचं केंद्र मानलं. शिवाय शाळेत त्यांना दुसराच जाच होता. कपडे. पंधराव्या वर्षी मैत्रिणींच्या घोळक्यात जुना झगा घालून जाणं म्हणजे काय, हे मुलग्यांना कळलं नसतं. त्यांना त्याच विटक्या शर्टात बेसबॉल खेळता येत होता. नीटनेटकं राहणं परवडत नाही म्हणून बाजूला पडलेल्या, चटकन डोळे भरून येणाऱ्या मुली या नोंदींत पुन्हा पुन्हा भेटतात. घराला एकच झळ बसली, पण बहिणीला आणि भावाला ती वेगवेगळ्या जागी लागली.

आता या मुलांना चाळिशीत भेटा. मध्यमवर्गीय घरांतून आलेले, मंदीत पोळलेले मुलगे नोकरीधंद्यात न पोळलेल्यांच्या मागे नव्हते. काही बाबतींत पुढेच होते, आणि मनाने जास्त धड होते. कामगारवर्गातल्या मुलांना मात्र शिक्षण सोडावं लागल्याची किंमत पुढे मोजावी लागली. तरीही एकूण पिढी वाया गेली नाही. मंदीत वाढलेल्या मुलांबद्दल त्या काळी जी भाकितं केली जात होती, त्यांच्या मानाने हे फारच चांगलं निघालं.

इथे थांबलं तर व्याख्यात्यांची सोय होते. ‘संकटातूनच माणूस घडतो’ हे वाक्य टाळ्यांसाठी तयारच असतं. एल्डर थांबले नाहीत, कारण त्याच संस्थेच्या कपाटात दुसरा एक गठ्ठा होता. जीन मॅकफार्लेन यांनी बर्कलीत १९२८-२९ साली जन्मलेल्या दोनशे चौदा बाळांचा अभ्यास सुरू केला होता. शेजारचंच शहर, तीच मंदी, तशीच घरं. फरक वयाचा. ओकलंडची मुलं १९२०-२१ ची, म्हणजे मंदीच्या ऐन भरात दहा-बारा वर्षांची. कामाला जाण्याइतकी मोठी आणि पोटापाण्याची काळजी स्वतः करावी लागू नये इतकी लहान. ती नोकरीच्या वयाला आली तेव्हा दुसऱ्या महायुद्धामुळे माणसांना मागणी आली होती. बर्कलीची मुलं मंदीत दुडदुडत होती. त्यांना घरासाठी काही करता येण्यासारखं नव्हतं. घरातला ताण मात्र सगळा त्यांच्या अंगावरून जात होता, आणि ती वयात आली तेव्हा वडील युद्धावर किंवा आई कारखान्यात.

झळ बसलेल्या घरांतले हे धाकटे मुलगे पौगंडावस्थेत बुजरे, अनिश्चित, स्वतःबद्दल कमी आशा असलेले निघाले. ओकलंडच्या मुलग्यांच्या अगदी उलट. बर्कलीच्या मुलींना तितका फटका बसला नाही; अडचणीच्या काळात त्या आईच्या जास्त जवळ गेल्या होत्या आणि आई त्या घरांत भक्कम होती. मुलगे ज्यांच्याकडे पाहून मोठे व्हायचे ते वडीलच खचले होते. ओकलंडमध्ये घरच्या अडचणीने मुली जास्त दुखावल्या आणि मुलगे सावरले, बर्कलीत मुलगे दुखावले आणि मुली सावरल्या. ‘मुलगे जात्याच खंबीर’ किंवा ‘मुली जात्याच सोशिक’ असले सिद्धान्त या दोन गठ्ठ्यांपुढे टिकत नाहीत.

पैसा गेल्याने मुलाचं नेमकं काय बिघडतं, हे शोधताना एल्डर आणि त्यांचे सहकारी शेवटी एका साध्या, घराघरांत माहीत असलेल्या गोष्टीपाशी पोचले: वडिलांचा संताप. बेकार किंवा अर्धपगारी झालेला बाप चिडका होतो. आज ज्या गोष्टीवर हसतो त्याच गोष्टीवर उद्या हात उगारतो. मुलाला या मारापेक्षाही त्याचा अंदाज न येण्याचा त्रास जास्त होतो. नोंदींत असं दिसलं की पैसा गेला, पण वडिलांचं डोकं शांत राहिलं, तर मुलांवर फारसा परिणाम होत नव्हता. संकट घरात दारातून आलं तरी मुलापर्यंत ते बापाच्या स्वभावातून जात होतं. मंदीच्या आधीपासून तापट असलेले वडील सगळ्यांत जास्त बिघडले. जी मुलं मुळात हट्टी, रडकी होती ती त्यांच्या तावडीत जास्त सापडली. आणि एक तपशील असा आहे की तो वाचून अस्वस्थ व्हायला होतं: दिसायला देखण्या मुलींवर वडील कमी चिडत, आणि साध्या दिसणाऱ्या मुलींच्या वाट्याला त्यांचा जाच जास्त येई. आईची माया जिथे मध्ये उभी होती, तिथे हे सगळं सौम्य झालं.

हा धागा अर्ध्या शतकानंतर आयोवाच्या मक्याच्या शेतांत पुन्हा हाती आला. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेतजमिनीचे भाव चढत होते, बँका दारात येऊन कर्ज देत होत्या आणि बापजाद्यांची जमीन तारण ठेवून शेतकरी शेजारची जमीन विकत घेत होते. मग महागाई रोखण्यासाठी व्याजदर वाढवले गेले आणि १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ दर एकवीस टक्क्यांच्या वर गेला. धान्याचे भाव पडले. आयोवात १९८१ साली सरासरी एकरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ मध्ये ७८७ डॉलरवर आली. तारण ठेवलेली वस्तूच एक तृतीयांश किमतीची उरली, कर्ज मात्र होतं तेवढंच. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

संशोधक रँड काँगर यांनी एल्डर यांच्यासोबत १९८९ मध्ये उत्तर-मध्य आयोवातल्या आठ तालुकेवजा परगण्यांतली ४५१ कुटुंबं निवडली. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल, त्याच्या पाठचं किंवा पुढचं एक भावंड, आई आणि वडील. संशोधकांनी या चौघांना घरातल्याच एखाद्या वादाच्या विषयावर आपापसांत बोलायला सांगितलं आणि त्याचं चित्रण केलं. मग ती चित्रफीत प्रशिक्षित माणसांनी पुन्हा पुन्हा पाहून मोजलं: कोण कुणाला तोडून बोलतं, कोण मान खाली घालतं, कोण कुणाच्या बाजूने बोलतं.

त्यातून एक साखळी उलगडली आणि ती पुढे अनेक देशांत तपासली गेली. बिलं भागत नाहीत, हप्ता थकला आहे, नवीन बूट पुढच्या महिन्यावर, हा रोजचा जाच आधी आई-वडिलांचं मन खचवतो. खचलेली दोन माणसं एकमेकांवर करवादतात. एकमेकांवर करवादणारे आई-वडील मुलांशी कधी कठोर, कधी बेफिकीर वागतात. आणि मग मुलाचे मार्क घसरतात, ते एकलकोंडं होतं किंवा मारामाऱ्या करतं. साखळीतली कोणतीही कडी तुटली तर पुढचं थांबतं. कर्जात बुडालेल्या ज्या घरांत नवरा-बायको एकमेकांना धरून होते, तिथली मुलं बऱ्यापैकी ठीक होती. भावंडांचा आधारही मोलाचा ठरला.

काँगर आणि एल्डर यांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या घरी शेती अजून टिकून होती, ती मुलं बिगरशेती मुलांपेक्षा अनेक बाबतींत बरी होती, जरी त्यांच्या घरचं कर्ज कमी नव्हतं. कारणं शोधल्यावर आजी-आजोबा जवळ राहतात, आई-वडील शाळेच्या आणि चर्चच्या कामांत असतात, असं बरंच काही निघालं. पण त्यात कामही होतं. वासरांना चारा घालायचा, डुकरांची शेड साफ करायची, सुगीत वडिलांबरोबर यंत्रावर बसायचं. हे काम मुलाने केलं नाही तर दुसऱ्या कुणाला तरी करावं लागणार, हे मुलाला कळत होतं आणि घरातल्यांनाही. ओकलंडच्या पेपर टाकणाऱ्या मुलाचंच हे भावंड.

कामाचं हे माहात्म्य महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची गरीब मुलं एकत्र ठेवली. ती मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची, दगड फोडायची आणि शिकायची. १९४७ मध्ये साताऱ्याला शिवाजी कॉलेज सुरू झालं तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. या योजनेबद्दल बोलताना मुलांच्या कष्टाचं कौतुक होतं, पण त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं ते मागे पडतं. वसतिगृहातली चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. मुलगा दगड फोडत होता, पण संध्याकाळी त्याला ताट वाढणारं आणि उद्याच्या वर्गात तो बसलाच पाहिजे असं बजावणारं माणूस तिथे होतं.

म्हणून बीडच्या ऊसतोडीच्या मुलांकडे पाहून कुणी ‘कामाने मुलं घडतात’ असं म्हणू लागलं तर त्याला अडवायला हवं. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं कारखान्याच्या वाटेला लागतं, आणि आजीकडे ठेवता येत नाहीत ती मुलं सोबत जातात. फडाशेजारच्या कोपीत दहा-अकरा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी टाकते. मोठा मुलगा वाढे गोळा करतो. हे काम घराला लागतं यात शंकाच नाही. आई पहाटे फडात उतरते ती या मुलीच्या भरवशावरच. पण ते शाळेच्या जागी येतं. उन्हाळ्यात ती गावी परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि दोन-तीन हंगामांत ती शाळेतून कायमची बाहेर पडते. ओकलंडचा मुलगा पेपर टाकून झाल्यावर शाळेत जात होता. काम शाळेच्या आधी किंवा नंतर येतं की शाळेऐवजी, एवढ्या एका फरकावर सगळं फिरतं. बीडसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहं चालतात, म्हणजे आई-वडील तोडीला गेल्यावर मूल गावातच राहून शाळेच्या आधाराने जेवतं-शिकतं. त्यांचं मोल नेमकं इथे आहे. ती वसतिगृहं वेळेवर सुरू होणं हे मुलांच्या मनःस्वास्थ्याचं काम आहे असं कुणाच्या ध्यानात येत नाही. पैसे यायला उशीर झाला की हंगाम निघून जातो.

दुसऱ्या टोकाला पुण्यातल्या अभ्यासिका आहेत. गावाकडून महिन्याला खोलीभाडं आणि मेसचे पैसे येतात, पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहत असते, परीक्षा पुढे ढकलली जाते, पुन्हा तीच पुस्तकं. या मुलांचं दुःख आपण अपयशात शोधतो. मला वाटतं, त्याहून जास्त ते निरुपयोगीपणात आहे. घराने सगळं त्यांच्यावर लावलेलं असतं आणि त्या घरासाठी आज करता येण्यासारखं त्यांच्या हातात काही नसतं. एल्डर यांच्या पुस्तकातला मुलगा घरी पैसे नेऊन देत होता. हा महिन्याच्या पाच तारखेला घरी फोन करायला कचरतो. परीक्षेचं वेळापत्रक पाळलं गेलं तर यांचा ताण समुपदेशनाच्या चार सत्रांपेक्षा जास्त हलका होईल.

बर्कलीच्या त्या बुजऱ्या मुलग्यांचं पुढे काय झालं, ते राहिलं. तरुण झाल्यावर त्यांच्यातले बहुतेक सैन्यात गेले, कुणी महायुद्धाच्या शेवटाला, कुणी कोरियाच्या युद्धाच्या वेळी. (ओकलंडचेही दहातले नऊ गेले होते.) सैन्याबद्दल कुणी काही म्हणो, या मुलांना त्याने तीन गोष्टी दिल्या: घरापासून लांबचं ठिकाण, अंगात काहीतरी येतं असा अनुभव, आणि लग्न-नोकरीच्या घाईआधी दोन-तीन वर्षांची सवड. परतल्यावर चौथी गोष्ट सरकारने दिली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून आलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. सुमारे ७८ लाख माणसांनी त्याचा लाभ घेतला आणि त्यांतली २२ लाख कॉलेजात गेली. कोरियाहून परतलेल्यांनाही तशीच सोय झाली. एल्डर यांनी या पुरुषांना मध्यम वयात पाहिलं तेव्हा लहानपणची दरी बरीच बुजली होती, आणि जे लवकर, घरच्या सर्वांत जास्त ओढगस्तीतून सैन्यात गेले होते त्यांच्या बाबतीत हे सगळ्यांत ठळक होतं. मूल पाच वर्षांचं असताना जे बिघडलं ते पंचविशीत दुरुस्त होऊ शकतं, हे यातून दिसतं. एक मात्र सांगायलाच हवं. या दोन्ही अभ्यासांतली मुलं जवळजवळ सगळी गोरी होती. त्याच कायद्याचा फायदा घ्यायला गेलेल्या काळ्या सैनिकांना दक्षिणेकडच्या कॉलेजांनी आणि बँकांनी दारातूनच परत पाठवलं.

काळ्या तरुणांची गोष्ट पुढे जॉर्जियात जीन ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिली आणि ती या सगळ्या आशादायक चित्राला छेद देणारी आहे. खेड्यांतल्या गरीब घरांतली काही मुलं विलक्षण निग्रही होती. व्यसन नाही, भांडण नाही, अभ्यास चोख, उदासी कमी. प्रत्येक शिक्षकाने पाठ थोपटावी अशी. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की त्या पेशी त्यांच्या वयापेक्षा जास्त म्हाताऱ्या झाल्या होत्या. सुस्थितीतल्या घरांतल्या निग्रही मुलांच्या बाबतीत असं नव्हतं. त्यांना निग्रहाचा शरीरालाही फायदाच झाला होता. गरीब मुलगा तोच निग्रह करतो तेव्हा वर चढण्याची सगळी ओढाताण एकट्याच्या शरीरावर घेतो. बाहेरून तो ‘सावरलेला’ दिसतो. म्हणून एखाद्या मुलाचं यश पाहून ‘परिस्थितीने त्याचं काही बिघडवलं नाही’ असा निष्कर्ष काढताना जरा थांबावं.

मुलांना ताण सोसायला शिकवण्याऐवजी ताणच कमी केला तर काय होतं, याचं उत्तरही एका योगायोगाने मिळालं. ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो १९९३ पासून नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ पश्चिम भागात १,४२० मुलांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास करत होत्या. त्यांतली साधारण एक चतुर्थांश मुलं चेरोकी या आदिवासी जमातीतली होती. अभ्यास चालू असताना जमातीच्या जमिनीवर जुगारघर निघालं आणि १९९६ पासून नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला दर सहा महिन्यांनी मिळू लागला. लहान मुलांचा वाटा ते मोठे होईपर्यंत बाजूला ठेवला जाई. आई-वडिलांचा थेट घरात येई. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागला नाही, कुणाला शिबिराला बसवलं नाही, मुलांना तर काहीच शिकवलं नाही.

चेरोकी घरांपैकी चौदा टक्के घरं दारिद्र्यरेषेच्या वर आली. चार वर्षांत त्या घरांतल्या मुलांचा आडदांडपणा, उलट बोलणं, मारामाऱ्या कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आल्या. चिंता आणि उदासी यांत मात्र फारसा फरक पडला नाही; पैशाने सगळंच बरं होतं असा दावा कॉस्टेलो यांनी केला नाही. वागण्यातला फरक कशाने पडला हे शोधल्यावर उत्तर निघालं ते आई-वडिलांच्या लक्षाचं. पोरगं कुठे जातं, कुणाबरोबर असतं, रात्री किती वाजता येतं, हे पाहायला त्यांना आता सवड होती.

पैसे सुरू झाले तेव्हा या मुलांचे तीन गट होते: बारा वर्षांचे, चौदा वर्षांचे आणि सोळा वर्षांचे. ती सगळी एकविशीत आल्यावर कॉस्टेलो यांनी पुन्हा तपासलं. मानसिक आजार आणि व्यसनं सर्वांत कमी आढळली ती धाकट्या गटात. ज्यांच्या घरात पैसा आला तेव्हा घर सोडायला अजून सहा वर्षं बाकी होती, त्यांच्यात. सोळा वर्षांच्यांना त्याच घरात, त्याच पैशावर जेमतेम दोन वर्षं मिळाली होती.